बाय की अन्टिल, शेड की शॅडो? सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या

पर्वतीपायथा

नोकरी करणाऱ्यांसाठी मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. येणारे बहुतेक जण मराठी माध्यमातून शिकलेले आणि आपापल्या कामात पक्के. व्याकरणावर त्यांचं फार अडत नाही. अडतं ते "मॅडम, हे दोन शब्द सारखेच ना?" इथे. शब्दकोश उघडावा तर दोन्ही शब्दांपुढे मराठीत एकच अर्थ दिलेला. मग लोकांची समजूत होते की मराठीत हा फरकच नाही, तो पाठ करावा लागणार.

मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. अशा बऱ्याच जोड्यांमधला फरक मराठीला नीट ठाऊक असतो. आपण तो नामात ठेवत नाही, क्रियापदात किंवा विभक्तीत ठेवतो. शब्दकोश नाम तेवढं देतो आणि क्रियापद गाळतो, तिथे घोटाळा होतो.

"सावली" घ्या. इंग्रजीत शेड आणि शॅडो. मराठीत आपण सावलीत बसतो आणि सावली पडते. सावली"त" म्हटलं की ती जागा झाली, ऊन लागत नाही अशी: शेड. "पडते" म्हटलं की तिला आकार आला, कुणाची तरी आकृती जमिनीवर उमटली: शॅडो. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. त्या वेळी सरळ उभ्या काठीची शॅडो नाहीशी होते, पण वडाखाली शेड भरपूर असते. (पत्र्याची शेड हा तिसराच शब्द. इंग्रजीत त्याचं स्पेलिंगही वेगळं आणि उच्चार आखूड.)

"उसने" तसंच. उसने घेणे म्हणजे बॉरो, उसने देणे म्हणजे लेंड. हे सांगितलं की वर्गात पुन्हा कुणी "कॅन यू बॉरो मी युअर पेन" म्हणत नाही.

आता ज्या जोडीपायी ऑफिसात खरोखर नुकसान होतं ती: बाय आणि अन्टिल. दोन्हींना आपण "पर्यंत" म्हणतो.

"शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो." देणं एकदाच घडतं, शुक्रवार संपायच्या आत कधीही. इथे बाय.

"शुक्रवारपर्यंत रजेवर आहे." असणं चालू राहतं, शुक्रवार येईतो. इथे अन्टिल.

क्रियापद एका क्षणात उरकणारं आहे की लांबणारं, एवढं बघितलं की झालं. खरी गोम नकारात आहे. "शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही" या मराठी वाक्याची इंग्रजीत दोन वाक्यं होतात आणि त्यांचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध जातात. "इट वोन्ट बी रेडी अन्टिल फ्रायडे" म्हणजे शुक्रवारच्या आधी मागू नका, शुक्रवारी मिळेल. "इट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे" म्हणजे शुक्रवार उजाडला तरी मिळणार नाही. मराठी बोलताना आपण आवाजावरून आणि पुढच्या वाक्यावरून भागवतो. मेलमध्ये आवाज नसतो. पहिलं वाक्य वाचणारा क्लायंट शुक्रवारी दारात उभा राहणार, आणि त्याचं बरोबरच असणार.

रजेच्या वाक्यातही एक खाच आहे. "ऑन लीव्ह अन्टिल फ्रायडे" म्हटल्यावर तुम्ही शुक्रवारी कामावर असता की नाही, याबद्दल इंग्रजी बोलणाऱ्यांमध्येही एकवाक्यता नाही. अमेरिकन लोक शुक्रवार धरायचा असेल तर "थ्रू फ्रायडे" म्हणतात. मी वर्गात सांगते, "बॅक ऑन मंडे" असं लिहा, म्हणजे कुणालाच बोटं मोजावी लागत नाहीत.

तुमच्या कामात अडलेल्या जोड्या सांगा. ही पद्धत कुठवर चालते ते मला बघायचं आहे.

वर्कशॉपवाला

धागा आवडला. आमच्या कामातली जोडी: ॲक्युरेट आणि प्रिसाइज. दोन्हींना मराठीत "अचूक" म्हणतात, आणि त्यामुळे भोसरीच्या शॉपफ्लोअरवर जॉब (म्हणजे मशीनवर घडवत असलेले भाग) स्क्रॅप होतात. सविस्तर लिहितो.

समजा, शाफ्टचा व्यास बरोबर २५.०० मिलिमीटर आहे. मायक्रोमीटरने तीनदा मोजला: २५.०८, २५.०८, २५.०९. रीडिंग एकमेकांना चिकटून आहेत, म्हणजे मोजणं प्रिसाइज आहे. पण खऱ्या मापापासून सगळीच सारखी लांब, म्हणजे ॲक्युरेट नाही. आता ऑपरेटरला "तीनदा तेच आलं, म्हणजे अचूक" असं वाटलं तर तो काय करतो? लेथवर आणखी आठ शतांश काढतो. शाफ्ट २४.९२ होतो. कमी झालेलं माप परत वाढत नाही, जॉब भंगारात.

उलटही होतं. २४.९६, २५.०५, २४.९९. सरासरी बरोबर २५, पण एकाही रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही.

हा फरक कळला की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. पहिल्या प्रकारात मायक्रोमीटरचं शून्य बरोबर लागलंय का बघायचं. बहुतेक वेळा झिरो एरर निघते आणि सेटिंग केलं की काम होतं. दुसऱ्या प्रकारात शून्य लावून काही उपयोग नाही. हात सारखा दाब देत नाही, जॉब अजून गरम आहे किंवा पकड ढिली आहे, तिथे जावं लागतं.

मोजमापाच्या आयएसओ ५७२५ या मानकात याहून बारीक विभागणी आहे. रीडिंगची सरासरी खऱ्या मापाजवळ असणं म्हणजे ट्रूनेस, रीडिंग एकमेकांजवळ असणं म्हणजे प्रिसिजन, आणि दोन्ही मिळून ॲक्युरसी. रोजच्या बोलण्यात ट्रूनेसलाच ॲक्युरसी म्हणतात, आणि मीही वर तसंच लिहिलं आहे.

तुमच्या पद्धतीत हे बसतं का ते सांगा. "अचूक" हे विशेषण आहे, त्याला क्रियापद कुठलं लावायचं?

पर्वतीपायथा

वर्कशॉपवाला, प्रतिसाद वर्गात वाचून दाखवावा इतका चांगला आहे. क्रियापद तुमच्याच लिहिण्यात आलंय. माप बरोबर येतं आणि माप तेच येतं. नव्या ऑपरेटरला "अचूक" हा शब्दच न देता हे दोन प्रश्न दिले तर? बरोबर येतंय का? तेच येतंय का?

वर्कशॉपवाला

हे चालेल. "तेच येतंय" आमच्याकडे रोज म्हणतात. ते "बरोबर येतंय"पासून वेगळं काढून कुणी सांगत नाही एवढंच.

निळी_छत्री

वेदर आणि क्लायमेट. मी भूगोल शिकवते. बालभारतीच्या भूगोलात वेदर म्हणजे "हवा" आणि क्लायमेट म्हणजे "हवामान", असं स्वच्छ वेगळं केलेलं आहे. मुलं ते शिकतात आणि घरी आली की बातम्यांत ऐकतात, "आजचं हवामान". खात्याचं नावही हवामान खातं, आणि ते तर रोज हवेचा अंदाज देतं. त्यामुळे मुलांचा गोंधळ होणं साहजिक आहे.

मी मुलांना शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचं उदाहरण देते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या दगडी इमारतीला आणि तिथल्या चौकाला हे नाव पडलं. तिथे आज दुपारी किती तापलं याची नोंद होते, ती वेदर. अशा रोजच्या नोंदी वर्षानुवर्षं साठवून त्यातून जे निघतं ते क्लायमेट. जागतिक हवामान संघटनेने त्यासाठी ३० वर्षांची सरासरी ठरवून दिली आहे. सध्याचा संदर्भकाळ १९९१ ते २०२०.

त्यामुळे "यंदा डिसेंबरात थंडी पडली, मग कसला क्लायमेट चेंज" हा युक्तिवाद टिकत नाही. एका डिसेंबरची थंडी ही हवा झाली. क्रियापदात सांगायचं तर हवा पडते, सुटते, बिघडते. हवामान असतं. मला हे भेद आठवीच्या मुलांना समजलेच पाहिजेत असं मनापासून वाटतं, कारण पुढे मतदार म्हणून त्यांना यावर निर्णय घ्यायचे आहेत.

औंधकर

आयटीतून दोन.

पहिली जोडी, डाउट आणि क्वेश्चन. आपल्याकडे शाळेपासून "शंका विचारा" ऐकलेलं असतं, म्हणून कॉलवर "आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन" असं सहज निघून जातं. पलीकडच्या अमेरिकन माणसाला ऐकू येतं की तुमचं डिझाइन चुकलंय असं याला वाटतंय. तो बचावाच्या पवित्र्यात जातो आणि साध्या खुलाशाऐवजी वाद सुरू होतो. पर्वतीपायथा यांचं सूत्र इथे चपखल बसतं: शंका विचारणं म्हणजे क्वेश्चन, शंका घेणं किंवा येणं म्हणजे डाउट.

दुसरी, रिव्हर्ट आणि रिप्लाय. "प्लीज रिव्हर्ट" म्हणजे उत्तर द्या, हा वापर आपल्याकडे इतका रुळला आहे की आपसात काही बिघडत नाही. पण रिव्हर्टचा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. सोर्स कोड सांभाळायच्या गिट या प्रणालीत रिव्हर्ट नावाची आज्ञाच आहे. ती आधीचा बदल उलटा फिरवणारी नवी नोंद करते. कोडमधल्या बदलाखाली "प्लीज रिव्हर्ट बाय टुमॉरो" असं लिहिलं तर वाचणारा काय करेल, ते सांगायला नको. आमच्या टीममध्ये उत्तर हवं असेल तर रिप्लायच लिहायचं असं ठरवून घेतलं आहे.

सदाफुली

मुलीच्या गोष्टीच्या पुस्तकावरून विचारते. ससा आणि कासवाची गोष्ट इंग्रजीत "हेअर" आणि "टॉर्टॉइज" अशी आहे. रॅबिट आणि टर्टल का नाही?

पर्वतीपायथा

छान प्रश्न. इथे क्रियापदाचा उपयोग नाही, प्राण्याकडेच बघावं लागेल.

हेअर उघड्यावर राहतो. पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली. पाय लांब, पळणं हाच त्याचा बचाव. रॅबिट बिळात राहतो, पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. गोष्टीत शर्यत आहे, म्हणून पळणारा हेअर हवाच. आपल्या टेकड्यांवर आणि माळावर दिसतो तो रानससा हा हेअर. आपल्याकडे रानात रॅबिट नाही. पिंजऱ्यात पाळतात तो लाल डोळ्यांचा पांढरा ससा मात्र रॅबिट.

टॉर्टॉइज जमिनीवर राहणारं कासव, पाय खांबासारखे. समुद्रातलं टर्टल, पाय वल्ह्यासारखे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले कासवं टर्टल. अमेरिकेत सगळ्याच कासवांना टर्टल म्हणून चालतं. ब्रिटिश वापरात गोड्या पाण्यातल्यांना टेरापिन असा तिसरा शब्द आहे.

असंच मगरीचं. ॲलिगेटरच्या दोनच जाती आहेत, एक अमेरिकेतली आणि एक चीनमधली. भारतात एकही नाही. त्यामुळे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मगर बघून कुणी "ॲलिगेटर" म्हणालं तर खुशाल क्रोकोडाइल म्हणा. आपली गोड्या पाण्यातली मगर इंग्रजीतही "मगर"च आहे, त्यांचा "मगर क्रोकोडाइल" हा शब्द इथूनच गेला.

पेठेतला_वाचक

चर्चा चांगली आहे, पण मी थोडा विरोध नोंदवतो. सगळ्या जोड्यांमागे काही तर्क असेल असं मानणं धोक्याचं आहे. काही ठिकाणी फक्त वहिवाट असते.

रोड आणि स्ट्रीट घ्या. पुस्तकात लिहितात की रोड कुठेतरी घेऊन जातो आणि स्ट्रीट वस्तीत असतो, दोन्ही बाजूंना घरंदुकानं. सिंहगड रोड, सातारा रोड, नगर रोड, सोलापूर रोड इथपर्यंत ठीक. कॅम्पातली ईस्ट स्ट्रीटही ठीक. मग लक्ष्मी रोड? दोन्ही बाजूंना दुकानांची रांग आणि सगळा पेठांमधून. व्याख्येप्रमाणे स्ट्रीट व्हायला हवा, आहे रोड. आणि आजचा महात्मा गांधी रोड पूर्वी मेन स्ट्रीट होता. रस्ता तोच राहिला, नाव बदललं आणि स्ट्रीटचा रोड झाला.

लायसन्सच्या स्पेलिंगचंही तसंच. ब्रिटिश पद्धतीत नामात शेवटून दुसरं अक्षर सी आणि क्रियापदात एस, अमेरिकेत दोन्हीकडे एस. आपण ब्रिटिश वळण घेतलं म्हणावं तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात नामही एसने लिहिलंय, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सीने. विद्यार्थ्याला तर्क शोधायला लावलं तर तो इथे दमेल. अशा ठिकाणी "असंच आहे" हे सांगणं शिक्षकाचं कर्तव्य आहे.

ऐतिहासिकचं काय? हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल. इथेही क्रियापद कामाला येत नाही.

पर्वतीपायथा

पेठेतला_वाचक, रस्त्यांच्या नावांबद्दल आणि स्पेलिंगबद्दल सहमत. विशेषनामाला आणि अक्षरांना तर्क लावू नये. माझं म्हणणं कृतींपुरतं आहे: देणं, घेणं, असणं, पडणं.

ऐतिहासिकचं म्हणाल तर तिथे क्रियापदाऐवजी वजन बघायचं. भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली, ती घटना हिस्टॉरिक. तिने पुढचं सगळं बदललं. पेशवे दफ्तरातला एखादा धान्यखर्चाचा कागद हिस्टॉरिकल. तो इतिहासाचा आहे, अभ्यासकाला मोलाचा आहे, पण त्याने इतिहास घडवला नाही. शनिवारवाडा हिस्टॉरिक, त्यावरची कादंबरी हिस्टॉरिकल.

क्लासिक आणि क्लासिकलही जवळपास असंच. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातलं गाणं क्लासिकल, म्हणजे शास्त्रीय. त्यातली एखादी मैफल वर्षानुवर्षं आठवणीत राहिली तर ती क्लासिक. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचं, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं.

नवा_भाडेकरू

मी नुकताच पुण्यात आलोय. एजंट म्हणतो "रेंट ॲग्रीमेंट", कागदावर लिहिलंय "लीव्ह अँड लायसन्स", आणि आमच्या कंपनीचा एचआर मागतो "लीज डीड". तिन्ही एकच ना?

करारनामा

एक नाहीत. या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून नीट लिहितो.

लीज म्हणजे भाडेपट्टा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम १०५. यात जागेच्या उपभोगाचा हक्कच भाडेकरूकडे जातो. लायसन्स म्हणजे परवानगी. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम ५२. यात हक्क मालकाकडेच राहतो आणि तुम्हाला तिथे राहू दिलेलं असतं. या धाग्याच्या भाषेत सांगायचं तर लीजमध्ये जागा दिली जाते, लायसन्समध्ये राहू दिलं जातं.

मथळ्यावर काय लिहिलंय यावरून मात्र निकाल लागत नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दस्ताचा आशय आणि पक्षांचा हेतू बघायचा. त्या प्रकरणात कागदाला लायसन्स म्हटलेलं असूनही बहुमताने ती लीज ठरली.

आता तुमच्या उपयोगाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ प्रमाणे तुमचा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची, ही १९०८ च्या नोंदणी कायद्यातली तरतूद. अकरा महिन्यांची प्रथा त्यातून आली, पण महाराष्ट्रात कलम ५५ मुळे तिचा आधार घेता येत नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम २४ खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, तेही लक्षात ठेवा.

एचआरला नोंदणी झालेला लीव्ह अँड लायसन्सचाच कागद द्या. बहुतेक ठिकाणी तो चालतो. "लीज डीड" हा शब्द फॉर्मवर सवयीने छापलेला असतो.

नवा_भाडेकरू

खूप आभार. नोंदणीचं आजच मालकांशी बोलतो.

पर्वतीपायथा

करारनामा, "दिली" आणि "राहू दिलं" हे वर्गात सांगणार आहे. यावरून आठवलं, इथे मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. "आय रेंटेड अ फ्लॅट" म्हणजे भाड्याने घेतला की दिला? नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. आपल्याकडे घेणं-देणं लावल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. ब्रिटिश लोक देण्यासाठी "लेट" वापरतात, पेठांमधल्या "टू लेट"च्या पाट्या तिथूनच आल्या.

ज्यांना सी आणि लुक, हिअर आणि लिसन यांत अडतं त्यांनीही हेच करावं. दिसलं म्हणजे सी, पाहिलं म्हणजे लुक. कानावर पडलं म्हणजे हिअर, लक्ष देऊन ऐकलं म्हणजे लिसन. सांगणं म्हणजे टेल, कारण ते कुणाला तरी सांगावं लागतं. म्हणणं म्हणजे से.

औंधकर

परत आलो, कारण आत्ता हातात एक मेल आहे. टीममधल्या मुलाने लिहिलंय, "टेस्टिंग विल बी डन टिल फिफ्टीन्थ." काय करू?

पर्वतीपायथा

त्याला मराठीत बोलायला सांगा. "पंधरा तारखेपर्यंत टेस्टिंग होईल" म्हणतो की "चालेल"? होईल म्हणाला तर "विल बी डन बाय द फिफ्टीन्थ". चालेल म्हणाला तर "विल कंटिन्यू अन्टिल द फिफ्टीन्थ", आणि मग पंधरावी धरायची की नाही तेही लिहा. क्लायंट अमेरिकेत असेल तर वेळही घाला. त्यांची पंधरा तारीख आपल्या मागे असते.

औंधकर

विचारलं. "होईल" म्हणाला. "बाय सिक्स पीएम इंडिया टाइम ऑन द फिफ्टीन्थ" असं करून पाठवलं.